अपील उल्हासनगरला

टीव्ही फुटल्याचा आवाज होत नाही. कपबशी फुटली तर ती खालच्या मजल्याला कळवून फुटते. खिडकीची काच फुटली तर वॉचमन मान वर करतो. टीव्ही फुटतो तेव्हा फक्त 'टक्' होतं. स्वयंपाकघरातून आई विचारते, "काय रे पडलं?" आणि हॉलमधून उत्तर येतं, "काही नाही, आई." एरवी तीन हाका मारल्याशिवाय पोरगं ओ देत नाही. ते एका हाकेत, वर 'आई' जोडून उत्तर देतं तेव्हाच जाणत्या बाईला कळतं, की नुकसान पाच आकडी आहे.

बंद टीव्हीकडे बघितलं तर काहीच झालेलं नसतं. काच जागच्या जागी, काळी, गुळगुळीत. चालू केला की सगळं उघडं पडतं. मधोमध काळा डाग, त्यातून चारी दिशांना धावलेल्या रेघा, एका बाजूला हिरव्या-जांभळ्या उभ्या पट्ट्या आणि उरलेल्या तळहाताएवढ्या जागेत कुणाचा तरी अर्धा कान. आवाज मात्र खणखणीत. पट्ट्यांच्या आड सासू सुनेला घराबाहेर काढत असते, प्रत्येकाचा चेहरा तीन-तीनदा दाखवल्याचं संगीत वाजत असतं आणि आजी डोळे मिटून ऐकत असतात. आमच्या बदलापूरच्या बिल्डिंगमधल्या अशा एका आजींनी दुसऱ्या दिवशी जाहीर केलं, की मालिकेतलं काहीही चुकलेलं नाही. चित्र दाखवायची हौस निर्मात्याला असेल, त्यांची काही मागणी नव्हती.

त्या आजी आमच्या शेजारच्या. टीव्ही त्यांच्या मुलाचा. सप्टेंबर २०२५ मध्ये ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि ज्या घरांत वर्षानुवर्षं ३२ इंचांवर सुख मानलं जात होतं तिथे अचानक भिंती मोजल्या जाऊ लागल्या. शेजाऱ्यांनी दसऱ्याच्या मुहूर्तावर ४३ इंची आणला. झेंडूचा हार घातला, स्वस्तिक काढलं, वाचलेल्या दहा टक्क्यांत पेढे वाटले. भाऊबीजेला अंबरनाथहून बहीण आली, सोबत तिचा सात वर्षांचा मुलगा. भावाने ओवाळणीत साडी घातली. संध्याकाळपर्यंत टीव्हीही ओवाळणीत गेला.

पण नुसत्या त्या भाच्याला बोल लावून चालणार नाही. या गुन्ह्याची मुळं सोसायटीच्या कमिटीत आहेत.

बदलापुरात नवी इमारत उठते तेव्हा तिच्या रंगीत माहितीपत्रकात मुलांसाठी हिरवीगार जागा असते. लोक राहायला आले, की तिथे आधी पाण्याचा टँकर उभा राहतो, मग मोटारी. मग एखाद्या मोटारीची काच फुटते. मग तातडीची सभा होते आणि जिन्यापाशी फळा लागतो : 'आवारात क्रिकेट खेळण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून.' हुकुमाने क्रिकेट थांबत असतं तर गोष्ट वेगळी होती. ते लिफ्टने वर येतं. गाड्यांच्या काचा वाचतात, टीव्हीच्या जातात, आणि वार्षिक सभेत सेक्रेटरी सांगतात, की या वर्षी काच फुटल्याची एकही तक्रार नाही.

हॉल दहा बाय चौदाचा. दिवाणापुढचं स्टूल म्हणजे स्टम्प. बोलिंग बेडरूमच्या दारातून. नियम पोरांनीच केलेले असतात आणि ते कुठल्याही क्रिकेट मंडळाच्या नियमांपेक्षा स्पष्ट असतात. दिवाणाखाली गेला तर दोन रन. स्वयंपाकघरात गेला तर चार. पण आणायला ज्याने मारला त्यानेच जायचं. देवघराला लागला तर आऊट, शिवाय नमस्कार. टीव्हीला लागला तर आऊट. हा शेवटचा नियम करताना आऊट कोण होणार याचा पुरेसा विचार झालेला नव्हता.

सात वर्षांच्या आतल्यांची पद्धत वेगळी. ही मंडळी दात यायच्या आधी मोबाइल हातात धरलेली. काच म्हणजे बोट लावायची वस्तू, एवढं ज्ञान त्यांना उपजत असतं. टीव्हीवर कार्टून चालू असताना जाहिरात येते. पोर खुर्ची सरकवून उभं राहतं आणि कोपऱ्यात बोट दाबतं. जाहिरात जात नाही. मग पंजा लावून बघतं. मग हातात असलेली वरणभाताची स्टीलची वाटी. त्या बाजूने विचार केला तर दोष टीव्हीचाच आहे. तीन हजार रुपयांच्या हप्त्याची वस्तू, आणि साधं बोट कळत नाही.

मोठ्यांनी फार वर तोंड करून बोलू नये. एल्व्हिस प्रेस्लीसारखा जगप्रसिद्ध गायक घरातल्या टीव्हीवर पिस्तुलाची गोळी झाडायचा, आणि ते लोक कौतुकाने सांगतात. २००६ मध्ये निन्टेंडो कंपनीने 'वी' नावाचं खेळाचं यंत्र काढलं. हातातला रिमोट रॅकेटसारखा फिरवायचा, की पडद्यावर टेनिस. लोकांनी तो इतक्या जीव तोडून फिरवला, की मनगटाची दोरी तुटून रिमोट सुटायचा आणि समोरच्या टीव्हीत जायचा. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कंपनीने बत्तीस लाख दोऱ्या बदलून जाड दोऱ्या द्यायचं ठरवलं. बत्तीस लाख! आणि मॅच हरल्यावर भर चौकात टीव्ही आपटणारे वेगळेच. त्यांना निदान फोटोग्राफर येईपर्यंत थांबायचं भान असतं. आमच्या भाच्याने तर टीव्हीकडे पाठ करून बॅट धरलेली. म्हणजे हेतू नव्हता, हे तरी मान्य करा.

पूर्वी मुलं शहाणी होती असं आजोबा सांगतात. त्यात तथ्य नाही. पूर्वी टीव्ही दणकट होते. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांचा तो लाकडी कपाटात असायचा. कपाटाला सरकती दारं, दारांना कुलूप आणि किल्ली बाबांच्या जानव्याला किंवा आईच्या कमरेला. पुढची काच बोटभर जाड. एकवीस इंची टीव्ही उचलायला दोन माणसं आणि एक सूचना देणारा लागायचा. २५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झालं तेव्हा तर टीव्हीला हार घालून, उदबत्ती लावून लोक समोर बसले. ज्याला सकाळी हार घातला त्याला दुपारी बॅट कोण लावणार? त्याला मारायचा हक्क फक्त बाबांना होता. चित्र फिरायला लागलं, की ते उठून वरून एक थाप देत आणि चित्र थांबे. टीव्ही मारल्याने दुरुस्त होतो, हे त्या पिढीच्या पोरांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

बदलापुरात तर एक आख्यायिकाच आहे. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदी घराघरांत शिरली, तेव्हा दोन दिवस पाण्याखाली राहिलेला टीव्ही गच्चीवर उन्हात वाळवला आणि दिवाळीला मॅच बघितली, असं सांगणारा कुणीतरी प्रत्येक बिल्डिंगमध्ये भेटतो. मला भेटलेल्यांपैकी एकाने तो टीव्ही अजून माळ्यावर असल्याचं सांगितलं. बघायला मागितला नाही. श्रद्धेचा प्रश्न असतो.

आताच्या टीव्हीचं अंग अगदीच नाजूक. काचेचे दोन पत्रे, प्रत्येक जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि त्यांच्यामध्ये द्रव-स्फटिकाचा थर, केसाच्या जाडीच्याही किती तरी पट पातळ. मागून एलईडीचा उजेड. फोर-के टीव्ही असेल तर त्या पडद्यावर ३,८४० गुणिले २,१६० असे ठिपके, म्हणजे सुमारे ८३ लाख. चौऱ्याऐंशी लक्ष योनींना एकच लाख कमी. त्यांतल्या प्रत्येकापर्यंत हुकूम पोचवणाऱ्या तारा काचेवरच छापलेल्या असतात. काचेला तडा गेला, की तार तुटते, आणि तार तुटली, की त्या रांगेतले सगळे ठिपके संपावर जातात. म्हणून बॉल लागतो मधे आणि रेघ दिसते वरपासून खालपर्यंत. या प्रकरणाची सुरुवात, गंमत म्हणजे, गाजरापासून झाली. १८८८ साली फ्रीडरिश राइनित्झर नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्रागमध्ये गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलवर काम करत होते. त्यातल्या एका पदार्थाला त्यांनी तापवलं तर तो एकदा वितळून गढूळ झाला आणि आणखी तापवल्यावर पुन्हा नितळ. द्रवही आणि स्फटिकही असा पदार्थ तेव्हा प्रथम नजरेला पडला. त्यांनी त्या गाजरांचा सरळ हलवा केला असता तर आमच्या शेजाऱ्यांची दिवाळी नीट पार पडली असती.

फुटल्यानंतर पहिला प्रश्न असतो, सांगायचं कुणी आणि कधी. एरवीचा वार असेल तर नियम ठरलेला आहे : घरधनी लोकलमध्ये असताना सांगायचं नाही. बदलापूर फास्टच्या दारात लटकलेल्या माणसाला असली बातमी देऊ नये, हे आमच्या गावात लग्न होऊन आलेल्या कुठल्याही मुलीला सांगावं लागत नाही. 'घरी आल्यावर बोलू' असा मेसेज तर त्याहून वाईट. माणूस ठाण्यापासून बदलापूरपर्यंत सगळ्या शक्यता मोजत येतो. घरी येऊन टीव्हीच फुटलाय म्हटल्यावर त्याला इतकं हायसं वाटतं, की काही बायका मुद्दाम तसाच मेसेज करतात.

भाऊबीजेला मात्र सगळे घरीच होते, त्यामुळे चौकशी जागच्या जागी सुरू झाली. भाच्याने जबाब दिला, की टीव्ही आपोआप तसा झाला. त्याच्या मामेबहिणीने, वय पाच, न विचारता दुजोरा दिला आणि वर 'बॉल तर लागलाच नाही' असं सांगून सगळं घालवलं. आजी धावल्या. "आधी पोराला काही लागलं का बघा! टीव्ही काय, दुसरा येईल." ज्याला दुसरा आणायचा होता तो भिंतीकडे बघत होता.

आपलं पोर असतं तर दोन धपाटे घालून मोकळं होता येतं. पाहुण्याचं पोर हा वेगळा अध्याय आहे. इथे प्रत्येकाची वाक्यं आधीच लिहून ठेवलेली असतात आणि ती त्याच क्रमाने म्हणावी लागतात.

"दादा, आम्ही भरून देतो हं. ह्यांना सांगते मी."

"वेडी आहेस का? लहान आहे तो."

"नाही हो वहिनी, चूक ती चूक. किती लागतील ते सांगा."

"काहीतरीच काय, ताई! आपल्याच घरात फुटला ना."

"तसाही जुनाच झाला होता," शेजारी म्हणाले. टीव्हीवरचा ऊर्जाबचतीच्या चांदण्यांचा स्टिकर अजून निघालेला नव्हता.

यात कुणीही खोटं बोलत नसतं. भाऊजींना खरोखरच पैसे द्यायचे असतात आणि मामाला खरोखरच घ्यायचे नसतात. फक्त दोघांच्याही मनात एक आकडा असतो, आणि तो आकडा समोरच्याने आधी उच्चारावा, अशी दोघांची इच्छा असते. आईने मुलाला पुढे ढकललं. "मामाला सॉरी म्हण." तो म्हणाला. मामाने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. हात जरा जड पडला, असं मला वाटलं.

मग घरगुती उपचार. टीव्ही बंद करून चालू केला. रिमोटचे सेल बदलले. स्टॅबिलायझर तपासला. डिशवाल्याची वायर काढून पुन्हा लावली. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ शोधला, त्यात एक गृहस्थ फुटलेल्या पडद्याला टूथपेस्ट चोळत होते. पेस्ट लावली. आता पट्ट्यांवर पुदिन्याचा वास यायला लागला. आजोबांनी उठून वरून एक थाप दिली. हिरव्या पट्ट्यांत एका लाल पट्टीची भर पडली. तोवर शेजारीपाजारी जमले होते. आपापला फराळ घेऊन आले होते आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होतं : "माझ्या ओळखीचा एक आहे. उल्हासनगरला."

इथून पुढे बाहेरगावच्या वाचकाला थोडं समजावून सांगायला हवं. कर्जत लाइनवर विठ्ठलवाडी सोडलं, की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ओळीने येतात. नकाशात ही तीन गावं आहेत. बिघडलेल्या वस्तूच्या दृष्टीने ती तीन न्यायालयं आहेत. बदलापूरचा निकाल खालच्या कोर्टाचा, तो कुणी मनावर घेत नाही. अंबरनाथला अपील करता येतं. आणि अखेरचा शब्द उल्हासनगरचा. मिक्सर असो, मोबाइल असो, मनगटी घड्याळ असो, 'होणार नाही' हे पहिल्याच माणसाने सांगितलेलं असतं. पण उल्हासनगरातला दुकानदार मान हलवत नाही तोवर आमच्याकडे वस्तू मेली असं धरत नाहीत, तिचं दुःखही करत नाहीत.

खालच्या कोर्टात कंपनीचा माणूस स्वतः घरी येतो. टीव्हीला जेमतेम महिना झालेला, वॉरंटी पूर्ण वर्षाची, म्हणून शेजारी आशेवर होते. घरातल्यांनी एकमुखाने बोलायचं ठरवलं होतं.

"स्क्रीनला काही लागलं होतं?"

"नाही," पाच जण म्हणाले.

त्याने टीव्ही बंद केला, मोबाइलचा टॉर्च तिरका धरला. आतल्या काचेत, अगदी मधोमध, एक बिंदू आणि त्यापासून फुटलेले तडे लख्ख दिसले. त्याने दिवाणाखालचा टेनिस बॉल पायाने बाहेर काढला, काही न बोलता कोपऱ्यात ठेवला आणि कागदावर लिहिलं : फिजिकल डॅमेज. वॉरंटीत उत्पादनातला दोष बसतो. पण तो कंपनीच्या उत्पादनातला, आपल्या नव्हे. नव्या पॅनलचा अंदाज त्याने दिला तो टीव्हीच्या किमतीपेक्षा जेमतेम दोन-तीन हजारांनी कमी. "टीव्ही म्हणजे पॅनलच असतं, काका," तो म्हणाला. खरंच आहे. पॅनल बनवणारे मोठे कारखाने जगात मोजके, बहुतेक चीनमधले, थोडे तैवान-कोरियाकडचे. आपल्याकडे त्याला खोकं, पाय आणि हप्ते जोडले जातात.

अंबरनाथचं अपील भाऊजींनी आपल्याकडे घेतलं, आरोपीचे वडील म्हणून. अंबरनाथ हे कारागिरांचं गाव. दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात आयुष्य काढलेले, विम्कोच्या आगपेट्यांच्या कारखान्यातली यंत्रं पाहिलेले लोक तिथे होते आणि आहेत. शिलाहारांनी १०६० साली बांधलेलं शिवमंदिर ज्या गावात अजून उभं आहे तिथे दसऱ्याला घेतलेली वस्तू दुरुस्त होऊ नये, हे मनाला पटत नाही. भाऊजींच्या ओळखीचे एक निवृत्त काका होते. बाल्कनीत टेबल, टेबलावर सोल्डरिंगची कावी, मल्टीमीटर आणि ट्रान्झिस्टरचे पाच-सहा रेडिओ. काकांनी चष्मा बदलला, मागचे स्क्रू काढले आणि झाकण उचललं.

आत काही नव्हतं. म्हणजे पुस्तकाएवढा एक हिरवा बोर्ड, शेजारी पॉवर सप्लायचा दुसरा, खाली दोन लांबट स्पीकर आणि बाकी मोकळं मैदान. काका बराच वेळ आत बघत राहिले. "यात दुरुस्त करायचं काय?" ते म्हणाले. "ट्यूबचा असता तर मी रविवारी लावून दिला असता." मग त्यांनी आम्हाला चहा दिला, १९७८ चा एक रेडिओ लावून दाखवला आणि झाकण बसवता बसवता सांगितलं, "तुम्ही उल्हासनगरलाच न्या."

नेला. टीव्ही लोकलमध्ये घेता येत नाही, म्हणून रिक्षा. पुढे ड्रायव्हर, मागे शेजारी आणि मी, आमच्या मधे चादरीत गुंडाळलेला टीव्ही उभा. पॅनल आडवं न्यायचं नसतं, उभंच न्यायचं, नाहीतर तडा जातो, हे शेजाऱ्यांनी कुठेतरी वाचलं होतं. भाचा माझ्या मांडीवर. विम्को नाक्यापासून पुढे रस्ता जसजसा आपलं खरं रूप दाखवायला लागला तसतसे शेजारी ड्रायव्हरला म्हणू लागले, "हळू हो, खड्डा आहे. हळू."

"नवीन घेतला का, भाऊ?" ड्रायव्हरने विचारलं.

"नाही, फुटलाय."

ड्रायव्हरने आरशातून बघितलं. "मग एवढं काय सांभाळताय?"

याला आम्हा दोघांकडेही उत्तर नव्हतं. पण चादरीवरचा हात कुणी काढला नाही.

उल्हासनगरला हा अधिकार कुणी दिला, असं विचाराल तर तो इतिहासाने दिला. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती, रांगेने बराकी. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसं त्या बराकींत उतरवली गेली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचं गाव झालं. नाव बदललं तरी पत्ता अजून कॅम्प नंबर एक ते पाच असाच सांगतात. हातात काही नसताना आलेल्या लोकांनी जे हाती लागलं त्यातून पापड, लोणची, बिस्किटं, फर्निचर, जीन्स असं काय वाटेल ते उभं केलं. 'मेड इन यूएसए' या शिक्क्यावरून उल्हासनगर सिंधी असोसिएशनचा विनोद मुंबईने पिढ्यान् पिढ्या केला, आणि करता करता खरेदीला तिथेच गेली. जगातली कुठलीही वस्तू कॅम्पात मिळते. न मिळाली तर तिच्यासारखी दिसणारी मिळते, आणि ती कशी चालते हे विचारलं तर दुकानदार दुखावतो.

दुकान गल्लीत, आठ फूट रुंद. दोन्ही भिंतींना टेकून उघडे टीव्ही उभे, काहींच्या फक्त पाठी, काहींची फक्त तोंडं. शेठ स्टुलावर. सगळे त्यांना साईं म्हणत होते म्हणून आम्हीही म्हणालो. त्यांनी चादर काढू दिली, टीव्ही लावला, बंद केला, टॉर्च मारला. सगळं मिळून अर्धं मिनिट.

"टेनिस बॉल," ते म्हणाले.

आम्ही गप्प.

"रिमोट लगता है तो लंबा क्रॅक आता है. खिलौने की गाडी नीचे लगती है, कोने में. बीच में गोल, मतलब बॉल." मग स्टुलावरून वाकून त्यांनी भाच्याला विचारलं, "बेटा, कौनसा शॉट मारा?"

आई, बाबा, मामा, मामी, आजी, कंपनीचा माणूस, इतक्या जणांनी विचारूनही जे बाहेर आलं नव्हतं ते भाच्याने एका क्षणात सांगितलं. "पुल!"

"शॉर्ट पिच था?"

"हो! म्हणजे, हां."

"फिर तो मारना ही था," साईं म्हणाले. मामा छताकडे बघत होते.

निकाल त्यांनी सविस्तर दिला. काच न फुटता नुसत्या उभ्या रेघा आल्या असत्या तर कडेची पातळ पट्टी मशीनवर दाबून पुन्हा चिकटवता आली असती, त्याला बाँडिंग म्हणतात, ते इथे होतं. काच फुटली, की नाही. दुसऱ्या मेलेल्या टीव्हीचं पॅनल शोधता येतं, पण मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळायला हवा, आणि जुळलं तरी सेकंडहँड पॅनलची गॅरंटी दुकानाच्या पायरीपर्यंत. "नया ले लो," ते म्हणाले. शेजाऱ्यांचे खांदे इतक्या दिवसांत पहिल्यांदा सैल पडले. उल्हासनगर नाही म्हणालं. आता घरी सांगता येईल.

पण साईंचं संपलेलं नव्हतं. त्यांनी मागचं झाकण काढलं आणि आत बोट दाखवलं. "बोर्ड अच्छा है. ये मैं लेता हूँ." ही गोष्ट आम्हाला खालच्या दोन्ही कोर्टांत कुणी सांगितली नव्हती. परतीच्या पावसात वीज कडाडते, दाब वरखाली होतो, आणि कुणाकुणाच्या टीव्हीचा बोर्ड जळतो. त्यांचं पॅनल शाबूत, बोर्ड गेलेला. आमचं उलटं. म्हणजे कुठल्यातरी घरात आमच्या शेजाऱ्यांचा टीव्ही पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलायला लागणार होता. बोर्ड, सप्लाय, स्पीकर, बॅकलाइटच्या पट्ट्या असा एकेका अवयवाचा भाव करून साईंनी रक्कम हातावर ठेवली. ती मोजून शेजाऱ्यांनी टीव्हीच्या हप्त्यांशी ताडून बघितली आणि पुन्हा मोजली.

नवा टीव्ही त्याच गल्लीत पुढे मिळतो, हे सांगायला नको. तिथला दुकानदार तरुण, मराठी सफाईने बोलणारा. बजेट विचारलंच नाही. "घरात लहान मूल किती वर्षांचं?" त्याने विचारलं.

"मुलगी पाच. हा भाचा सात. सुट्टीत येतो."

"मग तुम्ही बत्तीसच घ्या. वर ॲक्रिलिकचं गार्ड लावून देतो. आणि भिंतीवर चढवा, युनिटवर नको." त्याचा हिशोब तयार होता. पाच वर्षांच्या आत चोवीस इंची. दहापर्यंत बत्तीस. हात सुधारला आणि नेम यायला लागला, की त्रेचाळीस. "दहावीनंतर बिनधास्त पंचावन्न."

"दहावीला तर आम्ही टीव्ही बंदच ठेवतो," शेजारी म्हणाले.

"मग अकरावीला."

"अकरावी-बारावी एकच वर्ष धरतात. त्याच्या आधी नववीत क्लास लागतो."

दुकानदाराने पेन खाली ठेवलं. आम्ही तिघांनी मिळून हिशोब केला. बारावी झाली, की सीईटी. मग मूल इंजिनिअरिंगला पुण्याला. तेव्हा घर मोकळं, भिंत मोकळी, पण पैसे फीला. नोकरी लागली, की लग्न. लग्नानंतर दोघं म्हणतात, आम्ही मोबाइलवर बघतो. पंचावन्न इंची टीव्ही निर्धास्त बघता येईल असं एक वर्ष त्यातूनही आम्हाला सापडलं. पण शेजाऱ्यांनी बोटांवर मोजलं, तर त्या वर्षी नातू चालायला लागत होता.

"बत्तीस द्या," ते म्हणाले. "आणि ते गार्ड दोन द्या."